जिनातला हौद, माझी सवत

सवत मातीचीसुद्धा नको, असं आमच्याकडे बायका म्हणतात. माझी सवत सिमेंटची होती. चांगली वीस-पंचवीस हात लांब, एका टोकाला कमरेइतकी आणि दुसऱ्या टोकाला पुरुषभर खोल. चिखलीच्या एका जिनाच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात आमच्या दोन खोल्या होत्या, त्यांच्या मागेच ती पसरलेली होती आणि माझा नवरा दिवसातून दहा वेळा तिच्याकडे जाऊन यायचा.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. हे त्या जिनात फिटर होते. कापूस म्हटला की आगीची भीती, म्हणून जिनात पाण्याचा मोठा हौद असायचाच. आमच्या हौदात वर्षानुवर्षं शेवाळ आणि बेडकं सुखाने नांदत होती. मग मालकांच्या मुलाचं लग्न झालं. सून पुण्याची, कॉलेजात पोहण्याची बक्षिसं मिळवलेली. तिला इथे करमेना, म्हणून मालकांनी हौद उपसून साफ करवला, आतून सिमेंटचा गिलावा करवला, पायऱ्या बांधल्या आणि चहूकडून तुराट्यांचे कूड उभे केले. होळीनंतर जिन बंद पडतं, फिटरला काम नसतं. त्यामुळे हौदातलं पाणी सांभाळायचं काम ह्यांच्या गळ्यात पडलं. लोक तसं म्हणायचे. माझ्या मते ह्यांनी ते आपण होऊन गळ्यात बांधून घेतलं.

सकाळी उठून माणूस आधी चूळ भरतो. हे आधी हौद बघून यायचे. मग चहा पिता पिता मला सांगायचे, आज पाणी जरा हिरवट वाटतं, आज तळ स्वच्छ दिसतो, आज वाऱ्याने कचरा पडला. ब्लिचिंग पावडर बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ तेवढी हौदात फिरवून ओतायची, हे त्यांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून शिकून घेतलं होतं. त्यांच्या प्रत्येक पायजम्यावर पांढरे डाग पडले. अंगाला तो वास इतका मुरला की रात्री कूस बदलली तरी हौद माझ्या उशाशी. मी कोणत्या रंगाचं लुगडं नेसले आहे, हे डोळे मिटून त्यांना सांगता आलं नसतं. पाण्याचा रंग मात्र सकाळचा वेगळा आणि दुपारचा वेगळा सांगायचे.

एकदा सूनबाईंचे डोळे चुरचुरले. झालं, ह्यांच्या तोंडाचं पाणी पळालं. ब्लिचिंग जास्त झालं असेल, उद्या कमी टाकतो, परवा पाणी बदलतो. मी रोज चुलीत कपाशीच्या ओल्या पऱ्हाट्या फुंकून फुंकून डोळे लाल करून घेत होते, तेव्हा कोणी विचारलं नाही. मी जळत होते, साधं सांगते. सूनबाई वाईट नव्हती, उलट मला वहिनी म्हणायची, आणि त्यामुळे तर माझ्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा. वाईट असती तर निदान भांडता आलं असतं.

त्या वर्षी मला अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उंद्रीला माहेरी जायचं होतं, आणि ह्यांना घेऊन जायचं होतं. लग्न झाल्यापासून हे सासुरवाडीला मुक्कामाला कधी राहिलेच नव्हते. मला सोडायचे, चहा प्यायचे आणि त्याच मोटारीने परत. आमच्या गल्लीतल्या बायका आईला खोचून विचारायच्या, जावई रुसले की काय. यंदा मात्र ह्यांनी कबूल केलं होतं की दोन दिवस राहू. आईने ह्यांच्यासाठी म्हणून नवी गादी भरून ठेवली होती. मी दिवस मोजत होते.

आणि नेमका हौद गळायला लागला. आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की शेळीचा पाय अडकावा. जमीन फाटली, तिच्याबरोबर गिलावा फाटला आणि पाणी रोज वीतभर खाली जायला लागलं. ह्यांनी भेगेत डांबर भरलं, तर ते उन्हाने पातळ होऊन वर तरंगलं आणि सूनबाईंच्या केसांना लागलं. ते रॉकेलने सोडवावं लागलं. मी घरात एकटीच बसून हसले.

मग जिनातली सगळी मंडळी अक्कल लढवायला बसली. आमच्याकडची घरं धाब्याची, मातीच्या सपाट छताची. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती पसरली की आत थेंब येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुकादम म्हणाला, जी माती डोक्यावरचं पाणी अडवते ती पायाखालचं का नाही अडवणार? सगळ्यांना पटलं. ह्यांना तर सगळ्यांआधी पटलं. दोन बैलबंड्या खारी माती आणली, हौदाच्या तळाला पसरली, धुम्मसने ठोकली आणि पाणी सोडलं. गळती थांबली! मालकांनी पेढे वाटले. हे असे चालत होते जणू लग्नाचा फेटा बांधला आहे.

धाब्यावर पाऊस पडतो आणि वाहून जातो. हौदात पाणी राहतं, आणि त्यात माणूस पाय मारतो. पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी ताकासारखं झालं. अंगाला बुळबुळीत लागायचं, केसांची दोरी व्हायची. ब्लिचिंग टाकलं तरी शेवाळ हटेना. जास्त टाकलं तरी हटेना. शेवटी हे बाटलीत पाणी घेऊन हायस्कुलातल्या सायन्सच्या मास्तरांकडे गेले. त्यांनी लाल कागद बुडवला, तो निळाशार झाला. मास्तर म्हणाले, पाण्यात खार इतका उतरला आहे की ब्लिचिंगचा जोरच चालत नाही. आधी माती काढा, मग बोला.

पुन्हा हौद उपसला. माती खरवडून काढली. भेग छिनीने रुंद केली, चुना-सुरखीने भरली, वर डांबरात भिजवलेलं गोणपाट आणि त्यावर सिमेंट. नव्या सिमेंटचाही खार उतरतोच, म्हणून नव्या पाण्यात तुरटी फिरवली. ह्यांना जेवणाची शुद्ध नव्हती. मी डबा घेऊन जायचे आणि तसाच परत आणायचे. अखाजी चार दिवसांवर आली, तेव्हा ताटावर बसल्या बसल्या हे म्हणाले की तू भावासंगं जाय, मले पाण्यापाशी राहा लागन, ब्लिचिंग नेमकं किती टाकाचं ते अजून बसलं नाई.

मी भांडी घासली, हात पुसले आणि सरळ कुडाचं दार ढकलून हौदावर गेले. उतरती दुपार होती. सूनबाई केस वाळवत पायरीवर बसली होती, आणि पलीकडच्या काठावर हे उकिडवे बसून काचेच्या ग्लासात पाणी घेऊन उन्हात धरून बघत होते. असं माझ्याकडे कोणी कधी बघितलं नव्हतं. पाणी खरंच सुंदर झालं होतं. तळाची फट कुठे बुजवली ते वरून दिसत होतं. मला रडायला आलं.

सूनबाई म्हणाली, "या ना वहिनी, पाय तरी बुडवा. मी रोज तुमच्या ह्यांना म्हणते, बायकोला घेऊन या, तर हे म्हणतात तिला पाण्याची भीती वाटते."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी ग्लास खाली न करताच मान हलवली. म्हणाले, "हाव, थे भेते पाण्याले."

पाण्यात खार किती, तुरटी किती, हे ज्याला बोटाच्या चवीने कळत होतं, त्याला मी कशाला भिते हेही माहीत नव्हतं. विचारलंच नव्हतं कधी, आपल्या मनानेच ठरवून टाकलं होतं. मी कासोटा घट्ट खोचला, पदर कमरेला गुंडाळला आणि खोल बाजूने उडी टाकली.

लुगडं जड झालं, पण हातपाय विसरले नव्हते. मी पलीकडच्या भिंतीला हात लावला, वळले, पाण्याखालून तळाचा जोड चाचपून आले आणि वर डोकं काढलं. सूनबाई टाळ्या वाजवत होती. ह्यांचा ग्लास पाण्यात पडला होता. तो मीच बुडी मारून वर आणून दिला.

घरी मी केस पुसत होते. हे दारातच उभे राहिले. बराच वेळ नुसते बघत होते, हौदाकडे बघायचे तसे. मग म्हणाले, "कोनं शिकवलं तुले?"

मी म्हणाले, "होतं कोनीतरी."

"कोन?"

"उंद्रीचं."

त्यांचा चेहरा उतरला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. रात्री जेवताना त्यांनी हौदाचं नाव काढलं नाही. झोपताना म्हणाले, सासऱ्याच्या घरी राहायचं कबूल केलं आहे तर जायला पाहिजे, माणसाने शब्द पाळावा. ब्लिचिंगचं काम त्यांनी सकाळीच मुकादमाला समजावून दिलं.

उंद्रीला हे दोन दिवस राहणार होते, चार दिवस राहिले. आईच्या नव्या गादीवर झोपले, आमरसाच्या वाट्या रिचवल्या, पण सगळं लक्ष दुसरीकडेच. माझ्या भावाला सहज विचारल्यासारखं विचारलं, मळ्यातल्या विहिरीवर पोहायला कोण कोण यायचं. भावाने भोळेपणाने अर्ध्या गावाची नावं सांगितली. मग हे पारावर जाऊन बसले आणि माझ्या वयाचा प्रत्येक माणूस वरून खालपर्यंत न्याहाळत राहिले. एक जण मला लांबून ओळखीचं हसला, तर ह्यांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं. अख्खा उन्हाळा मी जे गिळलं होतं, ते आता ह्यांच्या घशात अडकलं होतं.

निघायच्या दिवशी न राहवून त्यांनी आईलाच विचारलं, "मामी, इले पोहनं कोनं शिकवलं?"

आई पोळी वाढत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. विहिरीवर पाण्याला जाणाऱ्या पोरीला पोहता आलंच पाहिजे, असं म्हणून माझ्या पाठीला सुके भोपळे बांधून मला विहिरीत लोटणारी तीच होती.

"थे तिलेच विचारा, बापा," आई म्हणाली, आणि ह्यांच्या पोळीवर आणखी तूप घातलं.

आता आम्हाला नातवंडं झाली. हे अजून विचारतात, आणि मी अजून सांगितलेलं नाही.