शेवटचा भाग जयसिंगपूरला

दाभणबाई पुस्तकं फाडायच्या. हायस्कूलच्या इंग्रजीच्या बाई, आणि आमच्या डोळ्यांदेखत धडधाकट पुस्तकाची पाठ ब्लेडनं उसवायच्या. मग पर्समधून दाभण आणि मेण लावलेला दोरा काढून एकेका भागाला वेगळे टाके घालायच्या. एका कादंबरीची सात-आठ पातळ चोपडी व्हायची. आठवी, नववी, दहावीत जाणाऱ्या मुलांना ती उन्हाळ्याच्या सुट्टीत वाचायला. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आमची घरं. माझ्या वडिलांनी ऐकलं आणि विचारलं, "ह्या बाई शिकवत्यात का खाटीकखाना चालवत्यात?"

कारण साधं होतं. आम्ही मराठी शाळेतून आलेलो, इंग्रजी गोष्टीचं पुस्तक कुणाच्याच घरी नाही आणि शाळेच्या कपाटात प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत. आजच्या शाळा सुट्टीच्या वाचनाच्या नावाखाली पालकांच्या गळ्यात पुस्तकांचे चकचकीत संच मारतात, तसा धंदा बाईंना सुचला नाही. त्यांनी प्रत फोडली आणि नियम घातला. आपला भाग हातातून सोडायचा नाही. पुढं काय झालं ते हवं असेल तर पुढचा भाग ज्याच्याकडं, त्याच्या घरी जायचं. त्यानं मोठ्यानं वाचायचं, आपण ऐकायचं. जूनमध्ये प्रत्येकानं अख्खी गोष्ट सांगायची.

"बाई, झेरॉक्स काढा की!" मी म्हणाले.

"काढली की घरात लोळत पडशील. आनि वाचनार बी न्हाईस."

बाईंची मराठी अशी आणि इंग्रजी मात्र धुतलेल्या काचेसारखी. नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, म्हणून त्या आम्हाला गावावरून हाक मारायच्या. मी मुडशिंगी. पेठ वडगावचा संदीप म्हणजे वडगाव. आणि पद्मजा, कोल्हापुरात मावशीकडे राहून शिकणारी आणि सुट्टी लागली की घरी जाणारी, ती जयसिंगपूर. ह्या जयसिंगपूरवर मी जेवढी जळले तेवढी आजवर कुणावर जळलेली नाही. सत्ताधाऱ्यांवरसुद्धा नाही.

कारण तिला शेवट मिळायचा. आठवीच्या आधी मिळाला, नववीच्या आधी मिळाला, दहावीच्या आधीही मिळाला. मला दर वेळी पहिला भाग. पहिल्या भागात काय असतं? गावाचं वर्णन, हवा, कोण कुणाचा काका. आमची पहिली गोष्ट एका टपालवाल्याच्या हरवलेल्या घोड्याची होती. माझा भाग संपायचा तिथं तबेल्याचं दार सताड उघडं आणि घोडा गायब. तो सापडतो का, हे जयसिंगपूरला, पद्मजाच्या घरच्या पेंडीच्या दुकानामागं बंद. पद्मजा वर्गात चकार शब्द बोलायची नाही, डबा खाली मान घालून खायची, आणि बाईंनी हिच्या हातात घोडा द्यावा?

"मुडशिंगी, तोंड पाडू नको," बाई म्हणाल्या. "पयला भाग कुनीतरी सांभाळाय पायजे का नको?"

सांभाळला. खाकी कव्हर घातलं. बाईंची शिस्त होती, शब्द अडला तर आधी पुढच्या वाक्याला विचारायचं, मग शेजारच्याला, डिक्शनरीला सगळ्यात शेवटी. ती पाळली आणि मुडशिंगीतल्या निम्म्या पोरांना माझा भाग ऐकवला. उलट संदीपचा मधला भाग घरच्या रेडकानं खाल्ला. गोठ्यात वाचत बसला होता, पाणी प्यायला उठला, तेवढ्यात चोपडं फस्त. मग वडगावकरांनी काय करावं? मधली गोष्ट स्वतःच रचली. जूनमध्ये बाईंसमोर उभं राहून सांगितलं, की घोडा वडगावच्या जनावरांच्या बाजारात आला आणि तिथं एका दलालानं त्याचे दात बघितले.

बाई हसून हसून खुर्चीला टेकल्या. "दात बगितलं? मग गिऱ्हाईक काय म्हनालं?"

"त्यो म्हनाला, ह्यो घोडा इंग्रजीच बोलतोय, आमाला न्हाय परवडत."

शिक्षा नाही, ओरडा नाही. त्याला सगळं इंग्रजीत सांगायला लावलं आणि वर शाबासकी. माझा भाग डागाशिवाय परत आला, त्याचं कौतुक बाईंनी केलं नाही. ज्याचं रेडकाच्या पोटात गेलं तो हिरो. हा कुठला न्याय?

शेवट ऐकायला आम्ही चौघं-पाचजण एसटीनं जयसिंगपूरला जायचो. दुकानात पेंडीचा वास, आत थंडगार फरशी. पद्मजाची आई आम्हाला बघून इतकी हरखायची की मला संशय यायचा, हिला वाटतंय तरी काय? ती ताटं वाढायची, परत वाढायची, आणि दिवस कलला की गडबड करायची, "जेवून घ्या रे पोरांनो, सूर्य मावळायच्या आत." जैनांचं घर, अंधार पडल्यावर जेवण नाही. जेवण झाल्यावर पद्मजा वाचायची. बारीक आवाजात, एकेक शब्द पुसून ठेवावा तशी. घोडा सापडला तेव्हा संदीप रडला. मी खिडकीबाहेर बघत होते. रडायला मलाही येत होतं, पण तिच्या वाचण्यावर रडणार? मुळीच नाही.

पुढं मी चळवळीत पडले. पत्रकं लिहिते, वाटते, शाळांच्या दारात उभी राहते. ह्या पुस्तकसंचांच्या सक्तीविरुद्ध पत्रक काढलं तेव्हा पहिली सही बाईंची हवी म्हणून त्यांच्याकडं गेले. बाई निवृत्त झालेल्या, तरी घरात सतरंजीवर आठवीत जाणाऱ्या पोरी बसलेल्या आणि मधोमध उसवलेलं पुस्तक. एकीच्या हातात शेवटचा भाग होता. तेरा वर्षांच्या त्या पोरीवरही मी जळले.

बाईंनी चष्मा लावून पत्रक वाचलं, सही केली आणि म्हणाल्या, "खरं हाय समदं. पर तू सगळं एकदम सांगून टाकतीस. वाचून झालं की मानूस घडी घालतोय आनि खिशात ठेवतोय. त्यानं तुझ्या दारात कशाला यावं?"

"मग काय करू?"

"तबेल्याचं दार उगडं ठेव की."

एवढा विषय निघाला म्हणून मी इतक्या वर्षांचं विचारून टाकलं. "बाई, शेवट नेहमी जयसिंगपूरलाच का?"

त्यांनी दोऱ्याला मेण घासलं. "तुला पयला दिला, कारन तू गप बसनार न्हाईस. गोष्ट गावभर हुनार. आनि ती पोरगी कुनाच्या दारात जानारी न्हवं. तिच्याकडं बी कोन जात न्हवतं. शेवट तिथं ठिवला, म्हनून तुमी गेलासा. न्हायतर गेली असतीस काय?"

नसते गेले. पद्मजाची आई का हरखायची ते त्या सतरंजीवर बसून मला कळलं. कळल्यावर जळणं थांबायला हवं होतं. उलट वाढलं. बाईंनी तिच्यासाठी केवढा विचार केला होता! माझ्यासाठी फक्त मी बडबडी आहे एवढा.

गेल्या हिवाळ्यात बाई वारल्या. दवाखान्यात मी दोनदा गेले, दोन्ही वेळा पद्मजा उशाशी बसलेली, बाईंना काहीतरी वाचून दाखवत. माझ्या मोर्च्याच्या तारखा होत्या, मी निघाले. दिवसकार्य झाल्यावर कळलं, बाईंचं दाभण सुनेनं पद्मजाला दिलं. मला कुणी विचारलंही नाही. पत्रकांतून मी ज्यांच्या पद्धतीचा डंका पिटला, त्यांची एक सुईसुद्धा माझ्याकडं नाही. दोन महिने मी जयसिंगपूरचं नाव काढलं नाही.

एप्रिलमध्ये दुपारी फाटक वाजलं. पद्मजा. खांद्याला पिशवी, चेहरा घामेजलेला. शाळेच्या सगळ्या वर्षांत ही कधी मुडशिंगीत आली नव्हती.

"पत्ता कसा मिळाला?" मी विचारलं. आत ये म्हणायचं सुचलं नाही.

"कुणालाही विचारलं तर सांगतात की. पत्रकवाली म्हटलं." तिनं पिशवीतून दाभण काढलं, एक जाड पुस्तक काढलं. "बाईंच्या सतरंजीवरच्या पोरी विचारतायत, यंदा काय वाचायचं? मला फाडायला होत नाही गं. तीन दिवस ब्लेड घेऊन बसलेय. तू फाडशील?"

ओसरीत बसलो. मी पाठ उसवली. कागदाचा आवाज झाला तसे तिनं डोळे मिटले. मग एकेक भाग तिच्याकडं सरकवत गेले आणि ती शिवत गेली. टाके हुबेहूब बाईंसारखे, तेवढ्याच अंतरावर, गाठ तशीच आतल्या बाजूला. कधी शिकवलं बाईंनी हिला? कुठल्या दुपारी? मी कुठं होते?

जळत जळत पुढचा भाग फाडला आणि तिच्या हातात दिला.