कासमचाचांचा अडीच पायलीचा खोका

कासमचाचा गेल्याचं मला कापूरहोळला कळलं. भोरहून आलेल्या मोटारीचा ड्रायव्हर उतरून म्हणाला, "तुमचं रेडिओवालं चाचा गेलं वो. काल दफनबी झालं." हातातला पत्रकांचा गठ्ठा रस्त्याकडेच्या दगडावर ठेवून मी तिथेच बसून राहिलो... त्याला आता दीड महिना झाला.

भोरच्या बाजारात त्यांचं दुकान होतं. मूळचे सुतार, रेडिओ दुरुस्ती स्वतःच शिकलेले. आमच्या शेतमजुरांच्या सभांसाठी त्यांनी मोडक्या रेडिओतला स्पीकर आणि मोटारीची बॅटरी जमवली, तेव्हा स्पीकर बसवायचा खोका मोठाच हवा, असा हट्ट मी धरला. गरिबांचा आवाज घुमला पाहिजे! "घुमंल की," चाचा म्हणाले, "पर कळंल का?" मी ऐकलं नाही. किकवीला तासभर मी जमीनदारांवर तुटून पडलो. शेवटी पुढच्याच रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "लई झ्याक बोलला. पर म्हनला काय?" चाचा खोक्याआड तोंड लपवून हसत होते.

पुढची सभा वेल्ह्याला होती. तिथे सरूबाई बोलणार होत्या. जमीनदाराकडे फुकट राबणाऱ्या बायकांपैकी लोकांसमोर उभं राहायला तयार झालेल्या त्या पहिल्या. आवाज अगदी बारीक. त्यांचं बोलणं असं घुमून वाया गेलं असतं, तर दुसरी कुणी उभीच राहिली नसती. चाचांनी त्यांना दुकानात बोलावलं, स्पीकर दाराशी ठेवला आणि स्वतः रस्त्यापलीकडे जाऊन उभे राहिले. ऐकायचं, परत यायचं, खोक्यात एक लाकडी ठोकळा टाकून आतली जागा कमी करायची. "पुन्हा बोल, पोरी."

"किती येळा, चाचा? सासूबी इतकं वदवून घेत न्हाई!"

"मी बोलून दाखवू का?" मी विचारलं.

"तुमी गप बसा, पत्रकवाले. तुमास्नी खोका कशाला लागतोय?"

सहाव्या ठोकळ्याला चाचांनी पलीकडून हात वर केला. मग स्पीकर काढून त्यांनी ठोकळ्यांभोवती उरलेल्या जागेत भात ओतला आणि तोच भात पायलीनं मोजला. अडीच पायली. बरोबर तेवढाच भात मावेल असा नवा खोका त्यांनी दोन दिवसांत केला.

वेल्ह्याला सरूबाई चारच वाक्यं बोलल्या. "आमीबी माणसं हाये. कामाचं दाम द्या," हे शेवटच्या ओळीतल्या बायकांपर्यंत जसंच्या तसं पोचलं. तिथून एक बाई उठली, मग दुसरी...

परवा चाचांची शोकसभा झाली. समोर तोच खोका होता. त्यातून माझा आवाज सपाट, किरकोळ येत होता. तो खोका माझ्या मापाचा नव्हताच. मधेच सवयीनं मी आवाज चढवला, तशी मागून सरूबाईंची हाक आली, "वरडू नका, दादा. समदं कळतंय."