मागच्या बाकाला शिकवलेला पाठ

धाकटीला मुलाखतीत नकार आला, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. तेव्हापासून माझ्याही पोटात खड्डा पडलाय. हा खड्डा माझ्या ओळखीचा आहे, म्हणून तुम्हां दोघींना लिहिते.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. तुमचे आजोबा कामाला होते त्या कारखान्याला टाळं लागलं होतं. मी एका शाळेत रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी शिकवत होते आणि त्या दिवाळीनंतर परत येणार होत्या. त्याआधी मला कायमची नोकरी मिळायलाच हवी होती.

घाटकोपरच्या एका मराठी शाळेनं पाचवीला इंग्रजीचा नमुना पाठ घ्यायला बोलावलं. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून, त्यामुळे इथे तरी चिंता नव्हती. बाजाराचं मोठं चित्र रंगवलं. पाठाच्या टाचणात प्रत्येक प्रश्नापुढे मुलांचं उत्तरसुद्धा लिहून ठेवलं. निवड करणारी मंडळी मागच्या बाकावर बसली होती. मी न अडखळता बोलत राहिले आणि घंटेच्या आत पाठ पुरा केला. एकही हात वर आला नव्हता. मला वाटलं, किती शिस्तीची मुलं!

मुख्याध्यापिका जिन्यातच म्हणाल्या, "बाई, तुमचं इंग्रजी फार छान. ते ऐकून आमची मुलं घाबरून गप्प बसली. तुम्ही आमच्याशीच बोलत होतात. नाही जमायचं."

घरी सासूबाई तांदूळ निवडत होत्या.

"काय झालां गो?"

"नाही घेतलं."

"मगे? मुंबयत दुसरी शाळा नाय?"

दुसरी शाळा होती, भांडुपला. पण तिचं बोलावणं आलं तरी जिन्यातलं ते वाक्य कानातून हलत नव्हतं. शेवटी सासूबाईंनाच समोर बसवलं. त्यांना इंग्रजीचा गंध नव्हता.

"ओपन द डबा," मी म्हटलं.

त्या ढिम्म. "आदी तू उघडून दाखय, मगे मी उघडतंय. आणि माझ्याकडे बघ. त्या भिंतीक कित्याक सांगतंस?"

म्हणजे घरातसुद्धा माझी नजर समोरच्या माणसाच्या डोक्यावरून मागेच जात होती.

भांडुपच्या वर्गात शिरले. टाचण पिशवीतच ठेवलं. मागे बघायचं नाही, एवढंच मनाला बजावलं. दार उघडून दाखवलं, म्हटलं, "ओपन द डोअर." मग पहिल्या बाकावरच्या मुलीला सांगितलं. तिनं दार उघडलं आणि सरळ बाहेर निघून गेली! वर्ग खदखदला. "बाई, मी, मी!" सगळे उठले. कोणी खिडकी उघडतंय, कोणी दप्तर, कोणी शेजाऱ्याचा डबा. 'क्लोज' शिकवायचं राहिलं आणि घंटा झाली. दारं-खिडक्या सताड उघड्या, चित्र गुंडाळलेलंच. मागे बघायची हिंमत झाली नाही. वाट लागली, एवढंच मनात आलं.

मुख्याध्यापक पुढे आले. "बाई, तुमचा पाठ अर्धाच झाला."

"हो सर," मी म्हटलं.

"मग सोमवारपासून या. आणि आधी ती दारं बंद करायला शिकवा."

हसावं की रडावं कळेना. पोटातला खड्डा सोमवारपर्यंत तसाच होता. आणि खरं सांगायचं, पुढेही नव्या वर्गात शिरताना तो पडायचाच. पण नजर पहिल्या बाकावर असायची.