अंबाजोगाईचं नाव घेतलं की घंटी

त्या वर्षांत परळीत एसटीडी बूथ आणि कॉम्प्युटर क्लास शेजारी शेजारी उघडत होते. आमचा क्लास खताच्या दुकानावरच्या माडीत. थर्मल वीजकेंद्राची राख खिडकीतून आत यायची, म्हणून सकाळी गेलं की कीबोर्डवरची फडकी झटकणं हे पहिलं काम. ते माझ्याकडं होतं आणि टायपिंगची बॅचही माझ्याकडं होती. मी उमापूरची. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी पहिल्यांदा मी चढले, अंबाजोगाईला हॉस्टेलात राहून बी.एस्सी. झाले. प्रोग्रॅमिंग मात्र क्लासचे मालक शिकवायचे. पुण्याला राहून आलेले होते, सगळे त्यांना सर म्हणत. मुलींनी टायपिंगच शिकवावं असं त्यांचं मत होतं. ते मत ते फार गोड बोलून सांगत, त्याचा जास्त राग यायचा.

एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत मला पायथन नावाची भाषा सापडली. सर म्हणाले, सिलॅबसमध्ये नाही ते कशाला. मी शिकले.

मग बियाण्यांचे एक डीलर आले. सगळे त्यांना सेठ म्हणत. परळी, गेवराई, अंबाजोगाई आणि बीड अशी त्यांची चार दुकानं. प्रत्येक दुकानाचा माल फ्लॉपीवर यायचा आणि त्या त्या गावाचं नाव इंग्रजीत दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवला जायचा. सेठना चारी दुकानांचा माल एका कागदावर पाहिजे होता. मी करते म्हणाले. सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, सेठपुढं चाललं तर पुढची प्रोग्रॅमिंगची बॅच तुझी. नाही चाललं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. मी म्हणाले, मंजूर.

प्रोग्रॅम मी परळी आणि गेवराई घालून तपासला होता. परळी म्हणजे पोटापाण्याचं गाव आणि गेवराई आमचा तालुका. हात आपोआप तिकडंच गेला. दोन्ही बरोबर आलं, मला वाटलं झालं.

सेठ आले, चहा आला, मी प्रोग्रॅम चालवला. परळी आली. गेवराई आली. अंबाजोगाईला मशीननं टुंग करून घंटी वाजवली आणि अशी फाईलच नाही म्हणालं.

सेठ हसले. "देवीचं गाव हाय बाई. मशीनबी घंटी वाजवून दर्शन घेतंय."

अंबाजोगाई सोडून मी बीड लावलं. तेही सापडेना. सर उठून जवळ आले. "फोल्डरची नावं बदल. नंबर दे आणि मिटव."

गोड बोलणं तसंच होतं, पण त्यातली बॅच गेलेली मला ऐकू आली. हॉस्टेलातही असंच सांगायचे. 'हाय' म्हणू नको, 'न्हाई' म्हणू नको, आधी भाषा सुधार. त्याच हाय-न्हाईच्या भाषेत मी तोंडी परीक्षा दिली आणि पास झाले. आणि ज्या अंबाजोगाईनं मला ग्रॅज्युएट केलं, तिला मी नंबर देऊ?

"नाव बदलणार न्हाई सर," मी म्हणाले. "सेठचा चहा संपूस्तर थांबा."

सेठनी कप बशीत ठेवला आणि आणखी एक चहा सांगितला.

मी पडद्याकडं नीट बघितलं. अंबाजोगाईचा पहिला ए गायब होता. बीडचा बी तर गेलाच, जाताना त्याआधीच्या ड्राइव्हच्या डी पुढचे दोन ठिपकेही खाऊन गेला होता. परळीचा पी आणि गेवराईचा जी मात्र जागेवर. तेव्हा सीडीतलं मदतीचं पान आठवलं. फोल्डरच्या नावाआधी तिरपी रेघ असते. त्या रेघेमागं काही अक्षरं आली की पायथन त्यांना अक्षर मानत नाही, हुकूम मानतं. ए म्हणजे घंटी वाजव, बी म्हणजे एक घर मागं जा. रेघ दोनदा दिली की हुकूम राहत नाही, साधी रेघ होते. मी सगळीकडं रेघा डबल केल्या आणि पुन्हा चालवलं. चारी गावं ओळीनं आली, प्रिंटरनं कागद बाहेर टाकला.

सेठनी कागद बघितला आणि विचारलं, "नड काय होती?"

"सेठ, दिवस बुडाल्यावर दुकानातल्या माणसाला काय सांगता?"

"दुकान वाढव म्हणतो."

"बंद कर कावून न्हाई म्हणत?"

"तसं म्हणलं तर बंदच पडंल की."

"मशीनलाबी काही अक्षरं तशीच लागतात. नुसती लिहिली की ते करून मोकळं होतं. म्हणून जपून लिहायची."

सेठनी सरांकडं बघून मान हलवली. "ह्या बाईचं डोकं लई चालतंय. पुढलं काम हिच्याकडंच द्या."

सेठ जिना उतरले. सर थोडा वेळ सीडीचं कव्हर उलटसुलट करत बसले. मग म्हणाले, बॅच घे. पण चांगल्या घरची मुलं येतील, त्यांच्यापुढं जरा शुद्ध बोल.

"बॅच घेते," मी म्हणाले. "बोलणं हाय तसंच राहील."

पहिल्या दिवशी बाकं भरली होती. सर दारात उभे राहून ऐकत होते. मी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्ठं लिहिलं, D:\\beed. खाली दुसरी ओळ, D:\\ambajogai.

"ह्ये आपलं बीड हाय," मी म्हणाले, दारापर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "आन् ही अंबाजोगाई. ह्यांची नावं बदलायची न्हाईत. ह्या दोन रेघा कशाला, ते आता सांगते."