ब्राझीलला कोण कोण जाणार

जिथे रोज दुपारी पाऊस पडतो, तिथली मुलं सुट्टीत कुठे जात असतील? माझ्या पुतणीने, पिंकीने, हे मला विचारलं होतं. 

नव्वदच्या दशकातला मे महिना. बारामतीजवळ पिंपळीत आमचं घर. मी नुकतीच भूगोल घेऊन बीए झाले होते, घरातली पहिलीच... आणि सगळं जग सगळ्यांना सांगायची मला घाई झाली होती.

संध्याकाळी अंगणात पाणी मारलं की पिंकी आणि धाकटा बंटी बाजेवर येऊन बसायचे. मग मी त्यांना ब्राझीलच्या जंगलात न्यायची. ऊन जमिनीपर्यंत पोचूच देत नाहीत अशी झाडं, समुद्राएवढी नदी, निळे पोपट... पलीकडे आमचा ऊस सळसळायचा. डोळे मिटले की ती सळसळ तिथलीच वाटायची.

एके दिवशी जायचंच ठरलं. दशम्या आजी करणार, बॅगा तिचे वडील, म्हणजे माझा दादा, उचलणार, असं पिंकीने जाहीर केलं. माझे वडील, तात्या, तंबाखू मळत ऐकत होते.

"रोज पाऊस पडतो म्हणतीस?"

"रोज, तात्या."

"म्हंजी कॅनॉलच्या पाण्याची वाट बघाय नको. रातीचं उठून उसाला पाणी द्याय नको. मग मी येतो."

सगळे हसले. मी विचारलं, "आणि वहिनी?"

"आईला न्हाय येता यायचं," पिंकी म्हणाली. "चंद्रीची धार कोण काढंल?"

चंद्री आमची म्हैस. वहिनीशिवाय कुणाला कासेला हात लावू द्यायची नाही. वहिनी सकाळी इंदापूरला माहेरी गेली, तरी संध्याकाळच्या धारेला घरी परत.

वहिनी चुलीपुढे भाकरी थापत होती. "मी हाय की हितं," ती म्हणाली. "तुमी जाऊन या. मला पोपटाचं पीस आणा."

ती थट्टा करत नव्हती... तेच मला लागलं. ज्या प्रवासाला तिकीटसुद्धा लागत नव्हतं, त्यातही ती मागेच राहणार होती.

दुसऱ्या दिवशी मी तिचं जुनं पातळ मागून घेतलं. म्हैस अशी हट्टी असली की आमच्याकडे हाच उपाय... मालकिणीचं पातळ नेसायचं आणि धारेला बसायचं. चंद्रीने बादलीच लाथाडली.

"वन्सं, डिग्री दाखवा तिला," वहिनी हसू दाबत म्हणाली. मग माझ्या मुठीवर तिची मूठ ठेवून तिने शिकवलं... रोज, न कंटाळता.

एका संध्याकाळी चंद्री उभी राहिली. बादलीत धार वाजायला लागली आणि मला वाटलं, त्या जंगलात पाऊस लागतो तेव्हा असाच आवाज येत असेल...

ब्राझील काही झालं नाही. पण मी दादाच्या मागे लागले आणि त्या चौघांचं महाबळेश्वर ठरलं. झाडी तिथेही दाट होती. बारामती स्टँडवर वहिनीला मी एसटीत खिडकीपाशी बसवलं.

गाडी सुटताना तिचा चेहरा उतरला. "वन्सं, जमंल न्हवं संध्याकाळी?"

मी नुसता पदर पुढे करून दाखवला. तिचं पातळ मी घरूनच नेसून आले होते.