हसण्याची तक्रार

दिल्लीच्या द्वारकेतल्या आमच्या सोसायटीत माझ्या मैत्रिणीविरुद्ध तक्रार झाली, ती हसण्याबद्दल. मोठ्याने गाणी लावली म्हणून नाही, गाडी कुणाच्या जागेवर उभी केली म्हणूनही नाही. शनिवारी दुपारी तिच्या फ्लॅटमधून बायकांच्या हसण्याचा आवाज येतो, एवढंच.

हसणाऱ्या बायका तिघी होत्या. ती स्वतः पंजाबी, घटस्फोटित, भाड्याने एकटी राहणारी. गुडगावच्या एका परदेशी कंपनीत नोकरभरतीचं काम बघायची. दुसरी आमच्याच ब्लॉकमधली तमिळ शिक्षिका, शाळेत गणित शिकवायची. तिसरी मी. नवऱ्याच्या बदलीमुळे पुण्याहून दिल्लीत आले आणि एका सरकारी कार्यालयात अनुवादक म्हणून चिकटले.

पंजाबी मैत्रिणीच्या ऑफिसातल्या कुणीतरी परदेशातून एका मालिकेच्या डीव्हीडी आणल्या होत्या. चार मैत्रिणी, मोठं शहर, नोकऱ्या, प्रेमं, भांडणं. आपल्याकडे टीव्हीवर ती मालिका इतकी कापून दाखवायचे की वाक्याचा शेवट ऐकू यायचा नाही. आम्ही ती अख्खी पाहिली. त्या चौघींसारखं आमच्या आयुष्यात काहीच नव्हतं. त्यांच्याकडे उंच टाचांचे बूट होते, आमच्याकडे सकाळी येणारा पाण्याचा टँकर. पण त्या एकमेकींशी जे बोलायच्या, ते मी माझ्या सख्ख्या बहिणीशीही कधी बोलले नव्हते. एका दुपारी मधेच गणिताच्या बाई म्हणाल्या, "इतने साल हो गए, मेरे पति ने एक बार नहीं पूछा कि तुम्हें क्या अच्छा लगता है." आणि स्वतःच हसत सुटल्या. आम्हीही हसलो, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या हसण्याचीच तक्रार झाली असणार.

मालिका तिकडे परदेशात संपून काही वर्षं झाली होती, आणि आता त्याच चौघींवर सिनेमा आला. जूनचे दिवस होते, बाहेर लू, म्हणजे उत्तरेतला भाजणारा वारा, चालली होती. येत्या शनिवारी गुडगावच्या मॉलमध्ये जायचं, असं आमचं ठरलं.

त्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींनी लिफ्टमध्ये माझ्या नवऱ्याला गाठलं. ते निवृत्त अधिकारी, मैत्रिणीच्या बरोबर खालच्या मजल्यावर राहणारे. नवऱ्याने चहा घेताना विषय काढला.

"ते म्हणत होते, भाभीजी को समझाइए. अकेली औरत का घर है, माहौल ठीक नहीं."

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार? अच्छा म्हटलं."

"अच्छा म्हणजे?"

"हे बघ, या शनिवारी नको जाऊस. त्यातून सिनेमा ए सर्टिफिकेटचा आहे. थोडे दिवस जाऊ देत, मग बघू."

"माझं वय चाळीसच्या पुढे आहे," मी म्हटलं. "मला कुणी गेटवर अडवणार नाही. आणि तूही अडवू नकोस."

तो पेपर उघडून बसला. शनिवारी मी निघाले तेव्हा जेवण टेबलावर झाकून ठेवलं नव्हतं. ते मी मुद्दाम केलं.

थिएटरात एसी इतका की आम्ही ओढण्या गुंडाळून बसलो. सुरुवात छान झाली. मग मागच्या रांगेतल्या चार-पाच पुरुषांनी तोंडं उघडली. पडद्यावरच्या बायकांवर शेरे मारता मारता ते आमच्यावर आले. "आंटी लोग भी सीखने आई हैं." उठून दुसरीकडे बसावं असं मनात आलं होतं. तेवढ्यात गणिताच्या बाई उभ्या राहिल्या. त्या जेमतेम पाच फुटांच्या. मागे वळून, वर्गात बोलतात त्या आवाजात त्या म्हणाल्या, "जिसको बोलना है, खड़ा होकर बोले. पूरा हॉल सुनेगा."

कुणी उभं राहिलं नाही. एकाने हसायचा प्रयत्न केला, तर दुसऱ्या कोपऱ्यातून एक बाई ओरडली, "हाँ भई, खड़े हो जाओ!" मग आणखी दोघीतिघी. हॉल बायकांनी भरलेला आहे, हे माझ्या तोवर लक्षातच आलं नव्हतं. त्यानंतर ते पुरुष शेवटपर्यंत गप्प होते.

सिनेमा मालिकेइतका चांगला नव्हता, हे आमचं तिघींचं मत. कपडे फार, गप्पा कमी. पण नायिकेचं मन मोडतं आणि मैत्रिणी तिला सोडून कुठेही जात नाहीत, तिथे पंजाबी मैत्रीण रडली. घटस्फोटाच्या वेळी तिच्याजवळ कुणीच नव्हतं, हे तिने आम्हाला परतताना गाडीत पहिल्यांदा सांगितलं.

तिच्या दारात सेक्रेटरी उभे होते. सोबत तिचे घरमालक. त्यांना जनकपुरीहून बोलावून घेतलं होतं.

"ये फैमिली सोसायटी है," सेक्रेटरी म्हणाले.

"तो मैं क्या हूँ?" ती म्हणाली.

घरमालक भला माणूस होता, ओशाळला. "बेटा, मुझे भी सुनना पड़ता है. कहीं और देख लो."

"वजह क्या है?" मी विचारलं.

"आवाज़ की शिकायत है."

"कौन सी आवाज़ की? हँसने की? तो नोटिस में यही लिखिए, हँसने की वजह से निकाला जा रहा है. हिंदी मैं ठीक कर दूँगी, मेरी नौकरी ही वो है."

आवाज ऐकून माझा नवरा जिना चढून आला. "चल घरी," तो मराठीत हळूच म्हणाला. "आपण यात नको पडायला. तिचं भाड्याचं घर आहे, आपलं स्वतःचं. आपल्याला इथेच राहायचंय."

"म्हणूनच बोलतेय," मी म्हटलं. "मला तर कुणी काढू शकत नाही. तू जा. मी इथे बसणार आहे."

आम्ही आत जाऊन बसलो. दार उघडंच ठेवलं. पुरुष तिघे थोडा वेळ बाहेर उभे राहिले आणि गेले.

आम्ही जिंकलो असं मी सांगणार नाही. नोटीस कुणी दिली नाही, पण पावसाळा संपता संपता घरमालकाला दुसरा भाडेकरू मिळाला, नवराबायको आणि मुलं असलेला. तिला जावं लागलं. ती गेली त्या शनिवारपासून आमच्या दुपारी माझ्या घरी सुरू झाल्या. नवरा आधी चपला घालून बाहेर जायचा. मग जाईनासा झाला. पुढे सेक्रेटरींनी पुन्हा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "घर मेरी बीवी का भी है." ते त्याने मला कौतुकाने सांगितलं. त्यातला 'भी' मला खटकला, तसं मी त्याला सांगितलंसुद्धा.

मैत्रिणीने वर्षभर कुठे कुठे दिवस काढले आणि शेवटी गाझियाबादला स्वतःचा फ्लॅट घेतला. लहानच, बाल्कनीसमोर दुसऱ्या बिल्डिंगचं काम चाललेलं. दारावरची पाटी करायला आम्ही तिघी मिळून गेलो. दुकानदाराने कागद पुढे ओढून विचारलं, "साहब का नाम ऊपर आएगा कि नीचे?"

"साहब का नाम नहीं आएगा," ती म्हणाली. "और अक्षर ज़रा बड़े बनाइए."