मावशीचे डोळे, काकांचा हात

माझी मावशी प्रयोगशाळेत चिखल निवडायची. खाडीच्या तळात खोल नळी घालून काढलेला चिखल चाळणीत धुवायचा आणि मागे उरेल त्यातली वाळूच्या कणाएवढी कवचं, सूक्ष्मदर्शकातून बघत, ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक उचलायची. ती कवचं समुद्रातल्या इवल्याशा जिवांची. त्यातले काही भरतीच्या रेषेजवळ राहणारे, काही खोल पाण्यातले. कोण कुठल्या थरात सापडला आणि किती जुना आहे हे कळलं की त्या काळी समुद्र कुठवर होता ते सांगता येतं. फक्त लाटेबरोबर दुसरीकडून आलेलं झिजकं कवच त्यात मिसळता कामा नये, नाहीतर वय चुकतं. असा आगंतुक मावशी बघताक्षणी ओळखायची.

मावशीचे यजमान, म्हणजे आमचे काका, घड्याळं दुरुस्त करायचे. मोबाइल आल्यापासून दुकानात माशा मारत बसायचे.

पन्नाशी उलटली आणि मावशीचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण थरथर जायची नाही. तिने घरीदारी कुणाला पत्ता लागू दिला नाही. कोपर टेबलाला टेकवून, श्वास रोखून वेचत राहिली. मग एक दिवस निवडलेली कवचं मांडून ठेवलेली अख्खी पट्टी हातातून निसटली आणि सगळं फरशीवर. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई रागावल्या नाहीत. आता कुणाला तरी शिकवून तयार करा, एवढंच म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मावशी भाजी चिरत बसली. काकांनी तिच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली. त्यांना कधीच कळलं होतं. तिच्या हातात कपबशी वाजायची.

"बाईंना विचार," ते म्हणाले, "शिकायला म्हातारा चालेल का."

मावशीने आधी उडवून लावलं. पण केसासारख्या स्प्रिंगा उचलण्यात ज्याची हयात गेली त्याला कवच काय जड, हे तिलाही पटलं. बाईंनी आठवडाभर बघू म्हणत होकार दिला आणि सूक्ष्मदर्शकाला एक पडदा जोडून दिला. मावशी पडद्यावर बघून सांगायची, काका उचलायचे.

"ते नको, झिजलंय. डावीकडचं घ्या."

"तुझ्या डावीकडचं की माझ्या?"

"अहो, आपण एकाच बाजूला बसलोय."

बाकीचे लोक हसू दाबत आपापल्या चाळण्या धुवायचे. आठवडा संपला तरी काकांना परत जा असं कुणी म्हटलं नाही.

पुढे कवचांची वयं कळली, तेव्हा बाईंनी दोघांना नकाशा दाखवला. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र त्यांच्या गल्लीच्याही पलीकडपर्यंत आत आलेला होता. काकांनी ही बातमी शेजारीपाजारी इतक्या ऐटीत सांगितली, जणू पाणी त्यांनीच उपसलं होतं.

मावशीने मला फोन केला. नकाशाचं सांगून झाल्यावर आवाज एकदम खाली आणून म्हणाली, "हात सोन्यासारखा आहे गं त्यांचा. पण बोलू नकोस हं त्यांच्याजवळ, डोक्यावर बसतील."